टपावर जाळीचं कॅरियर की बंद बॉक्स?

घोडबंदरला राहणाऱ्या मेहुण्याने नवी इलेक्ट्रिक गाडी घेतलीय, आता गणपतीला गावी जायचं तर टपावर जाळी लावू की बॉक्स म्हणून अडलाय.

आधी रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते ते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यात जाळीवर बांधलेल्या उघड्या बॅगा हवा जास्तच अडवतात, बॉक्स पुढून निमुळता म्हणून जरा बरा, पण रेंज दोन्हीत घटते, ब्रोशरमधला आकडा विसरा आणि हायवेवर ८०च्या आसपास चालवा. रिकामी जाळीसुद्धा रेंज खाते बरं का.

पावसात बॉक्सच, जाळीवरची ताडपत्री कशेडी घाटापर्यंत फडफडून डोकं उठवते. पैशात जाळी बरीच स्वस्त, वेडंवाकडं सामानही तिच्यात बसतं, आणि काढलेला बॉक्स फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे? बेसमेंट पार्किंगची उंची आधी मोजा.

वजनाची मर्यादा मॅन्युअलमध्येच बघायची, त्यात कॅरियरचं वजनही धरायचं. काही गाड्यांचे रूफ रेल (टपाच्या कडेच्या दांड्या) नुसते शोभेचे असतात, तिथे दोन्ही बाद.

वर्षातून एकदोनदाच गावी जाणाऱ्याने जाळी घ्यावी, आल्यावर उतरवावी. दर महिन्याला कुटुंब घेऊन हायवेला लागणाऱ्याने बॉक्स.