ज्योत की थेंब: अनोळखी क्षाराची परीक्षा कुठून सुरू करावी?

समोर पांढरी पूड आहे आणि तिच्यातला धनायन, म्हणजे धन प्रभाराचा आयन, ओळखायचाय. तारेवर घेऊन ती ज्योतीत धरायची, की पाण्यात विरघळवून सोडिअम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकायचे? बहुतेक मुलं आधी बर्नरकडे धावतात. माझं मत थेंबांच्या बाजूने आहे.

ज्योतीला पूड चिमूटभरही पुष्कळ होते आणि उत्तर लगेच मिळतं. पोटॅशिअम फिकट जांभळा रंग देतं, तांबं निळसर हिरवा, कॅल्शिअम विटकरी. अडचण होते ती सोडिअममुळे. तारेला घामाचं बोट लागलं तरी ज्योत पिवळीधमक होते आणि पोटॅशिअमचा जांभळा रंग त्यात पार बुडतो. अशा वेळी निळ्या कोबाल्ट काचेतून पाहावं, कारण ती पिवळा प्रकाश अडवते. तारही आधी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून तापवायची, ज्योतीला कुठलाच रंग येईनासा होईपर्यंत. लिथिअम आणि कॅल्शिअमचे लाल रंग मात्र नुसत्या डोळ्यांना फसवतात. बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी १८६० मध्ये सिझिअम आणि १८६१ मध्ये रुबिडिअम शोधलं ते ज्योतीच्याच प्रकाशातून, पण त्यांच्या हाती वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं उपकरण होतं.

थेंबांचं काम सावकाश चालतं, पण ते जास्त सांगून जातं. थेंब पडताच द्रावणात न विरघळणारा घन पदार्थ, म्हणजे अवक्षेप, तयार होतो: तांब्याचा निळा अवक्षेप, फेरिक लोहाचा तांबूस तपकिरी, फेरस लोहाचा मळकट हिरवा. फेरसची परीक्षानळी पाच-दहा मिनिटं तशीच स्टँडवर राहू द्या. अवक्षेपाचा वरचा थर हळूहळू तपकिरी होऊ लागतो, कारण हवेतला ऑक्सिजन फेरसचं फेरिक करत असतो. लोहाच्या या दोन रूपांतला फरक ज्योत दाखवूच शकत नाही.

घाई मात्र इथे नडते. हायड्रॉक्साइड भसकन ओतलं, तर ॲल्युमिनिअम किंवा जस्ताचा पांढरा अवक्षेप तयार होऊन लगेच विरघळतो आणि वहीत ‘काही घडले नाही’ अशी नोंद होते. एकेक थेंब टाका, नळी हलवा, मग जास्त घाला. या दोघांना वेगळं करायला नव्या नमुन्यात अमोनियाचं द्रावण वापरा: जास्त घातल्यावर जस्ताचा अवक्षेप विरघळतो, ॲल्युमिनिअमचा राहतो.

अवक्षेप आलाच नाही तर नळी जपून गरम करा आणि तोंडाशी ओला तांबडा लिटमस धरा. तो निळा झाला तर अमोनिअम. नाही झाला तर सोडिअम, पोटॅशिअम किंवा लिथिअमची शक्यता धरून ज्योतीकडे वळा, पण त्यासाठी मूळ कोरडी पूडच घ्या. नळीतल्या द्रावणात आपणच सोडिअम घातलेलं असतं.

जास्त हायड्रॉक्साइड घालूनही पांढरा अवक्षेप तसाच राहिला, तर प्रश्न सहसा कॅल्शिअम की मॅग्नेशिअम एवढाच उरतो. तेव्हाही तार हाती घ्या: विटकरी रंग दिसला तर कॅल्शिअम, मॅग्नेशिअम ज्योतीला रंग देत नाही.