जंगल आणि नदी: एका बैठकीत की थरांवर थर?

तैलरंगात नदीकाठचं रान रंगवायचे दोन मार्ग. ओल्यावर ओला रंग लावून एका बैठकीत चित्र संपवायचं, किंवा थर वाळवत आठवडे घालवायचे.

पाण्यासाठी मी पहिलाच मार्ग निवडेन. झाडांचा गडद हिरवा रंग ओला असतानाच कोरड्या, मऊ ब्रशने सरळ खाली ओढायचा, मग त्यावरून आडवा, अगदी हलका हात फिरवायचा. प्रतिबिंब लगेच थरथरतं. वाळलेल्या रंगावर हे जमवताना घाम फुटतो.

जंगलाचं मात्र उलट. घाईत सगळे हिरवे एकमेकांत मिसळून चिखल होतो. आधी बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा पातळ थर द्या. तो लवकर वाळतो. मग मागची झाडं निळसर-करडी, पुढची उबदार, शेवटी उन्हाचे ठिपके. खोली अशीच येते. फक्त खालच्या थरात तेल कमी आणि वरच्यात जास्त हवं, नाहीतर पुढे भेगा पडतात. आपल्याकडे पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, तेवढा धीर नसेल तर छोटा कॅनव्हास घ्या आणि एका बैठकीत उरका.

आणि ट्यूबमधला हिरवा? तो तसाच लावू नका, प्लास्टिकचा दिसतो. चिमूटभर लाल मिसळा.