फिट आटोक्यात असताना आणि नसताना: ईईजीचा अहवाल कसा वाचावा

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे किंवा मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) बाह्यरुग्ण विभागात ईईजीचा, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखाचा, अहवाल घेऊन बसलेल्या मिरगीच्या रुग्णांपुढे बहुधा दोनपैकी एक प्रश्न असतो. ज्याला काही वर्षांत फिट आलेली नाही, त्याला गोळ्या कमी कराव्यात का, हे ठरवायचे असते; ज्याला गोळ्या चालू असूनही फिट येते, त्याला औषध बदलावे की पुढच्या तपासणीला जावे, हे ठरवायचे असते. दोघांनी अहवाल एकाच रीतीने वाचणे चुकीचे ठरेल.

डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या प्रौढाच्या डोक्याच्या मागील भागात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची अल्फा लय दिसते. फिट आटोक्यात असलेल्यांमध्ये ती बहुधा निरोगी माणसासारखीच राहते. आटोक्यात नसलेल्यांचा गट घेतला, तर ती काहीशी संथ झालेली आणि थीटा व डेल्टा या मंद लहरींचे प्रमाण वाढलेले आढळते. मात्र हा फरक गटांच्या सरासरीचा आहे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, टोपिरामेट यांच्यामुळेही लय मंदावू शकते, क्लोबाझामने उलट जलद बीटा लहरी वाढतात, आणि ज्यांची फिट आवरत नाही त्यांनाच अधिक औषधे दिलेली असतात. त्यामुळे औषधांची यादी शेजारी न ठेवता वाचलेला अहवाल मला अर्धवट वाटतो.

स्पाइकचे, म्हणजे आलेखात अचानक उमटणाऱ्या, फिटच्या प्रवृत्तीशी निगडित टोकदार लहरींचे, गणित आणखी गुंतागुंतीचे आहे. लहान मुलांच्या क्षणभर भान हरपणाऱ्या ॲबसेन्स प्रकारात सेकंदाला ३ वेळा येणारी स्पाइक-वेव्ह (स्पाइक आणि तिच्यामागून येणारी मंद लहर) औषध लागू पडले की बहुतेकदा नाहीशी होते, म्हणजे तेथे लहरी सुधारल्या की रुग्णही सुधारलेला असतो. लहान मुलांच्याच रोलांडिक या सौम्य प्रकारात मात्र झोपेत स्पाइक भरमसाट दिसतात आणि फिट मोजक्याच येतात. बालपणी सुरू होणाऱ्या लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम या गंभीर प्रकारात सेकंदाला २.५ पेक्षा संथ स्पाइक-वेव्ह दिसते आणि फिट सहसा आवरत नाहीत. म्हणून मिरगी कोणत्या प्रकारची, हे आधी विचारावे.

फिट आटोक्यात असलेल्यांच्या बाबतीत गोळ्या थांबवण्याचा विचार साधारणतः किमान २ वर्षे फिटविना गेल्यावर होतो. अहवालात स्पाइक असतील तर पुन्हा फिट येण्याचा धोका वाढतो, नसतील तर कमी होतो. पण संपत नाही. सकाळी हात झटकले जाणाऱ्या ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक प्रकारात अहवाल स्वच्छ असूनही गोळ्या बंद केल्यावर फिट परतणे नित्याचे आहे.

आटोक्यात नसलेल्यांसाठी २०-३० मिनिटांचा साधा ईईजी पुन्हा पुन्हा काढण्याने फारसे साधत नाही, कारण मिरगी असलेल्या कितीतरी जणांचा पहिला अहवाल नॉर्मलच येतो. योग्य निवडलेली आणि सोसलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीच्या २०१० च्या व्याख्येनुसार ती औषधाला न जुमानणारी मिरगी ठरते. गोळ्या चुकत नाहीत याची खात्री झाल्यावर अशा रुग्णाला रुग्णालयात दाखल होऊन केलेला व्हिडिओ ईईजी (लहरींची नोंद आणि रुग्णाचे चित्रण एकाच वेळी) उपयोगी पडतो: प्रत्यक्ष फिट टिपली गेली, तर ती मेंदूच्या कोणत्या भागात सुरू होते, शस्त्रक्रियेचा विचार करता येईल का, आणि ती मुळात मिरगीचीच आहे का, या प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात.

नागपुरात चौकशी करताना ‘व्हिडिओ ईईजी होतो का’ एवढ्यावर थांबू नये. तो तासाभराचा आहे की दाखल करून रात्रंदिवस चालणारा, आणि रात्री रुग्णावर लक्ष ठेवायला कोण असते, तेही विचारावे. केस धुऊन, तेल न लावता जावे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तपासणीसाठी एकही गोळी चुकवू नये, आणि जागरण करून यायला सांगितले असेल तर गोंदिया-गडचिरोलीहून येणाऱ्याने सोबतीशिवाय प्रवास करू नये.