पार्किंग कंपनीने माझ्याकडून उकळलेले १७० पौंड

ब्रिटनमध्ये खाजगी वाहनतळ चालवणारी कंपनी ‘वाजवी कारण’ दाखवून, दर नोंदीमागे अडीच पौंड भरून डीव्हीएलए या वाहननोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेकडून वाहनधारकाचे नाव व पत्ता मिळवू शकते, हे येथे गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्या पत्त्यावर येणाऱ्या पत्रातला मजकूर कायद्याला धरून असेलच असे नाही, हे मला १७० पौंड गेल्यावर कळले.

गाडी माझ्या नावावर असली तरी त्या दिवशी ती माझी धाकटी बहीण चालवत होती. तिने यंत्रात ४ पौंड २० पेन्स रीतसर भरले, पण यंत्राने पावतीवर गाडीचा अर्धाच नंबर छापला. कॅमेऱ्याने मात्र तो पूर्ण टिपला, आणि तीन आठवडे उलटल्यावर माझ्या नावे १०० पौंडांची नोटीस आली: १४ दिवसांत भरल्यास ६०, आणि वाहनधारक म्हणून जबाबदार मीच.

मी तिथेच थांबायला हवे होते. गाडी लावल्याची तारीख आणि नोटीस काढल्याची तारीख एकाखाली एक छापलेली होती, आणि त्या दोहोंमधल्या अंतरातच माझी सुटका होती. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट, २०१२ च्या चौथ्या परिशिष्टानुसार, गाडीवर नोटीस लावलेली नसेल तर ती १४ दिवसांच्या आत वाहनधारकाला पोहोचावी लागते. एरवी इंग्लंड आणि वेल्समध्ये या कायद्याच्या आधारे चालकाचे देणे वाहनधारकाकडून वसूल करता येत नाही. दोन्ही तारखा मी वाचल्या होत्या. पण स्थानिक कौन्सिलच्या दंडासारखा मसुदा, गाडीची छायाचित्रे आणि सरकारदरबारी नोंदलेला माझा अचूक पत्ता समोर असताना, हे पत्र नियमानुसारच आले असणार असे कोणत्याही सरळमार्गी माणसाला वाटेल.

पावती जोडून केलेले अपील कंपनीने फेटाळले. पुढे ७० पौंड चढवून वसुली कंपनीचे पत्र आले, त्यात कोर्टाच्या निकालाची धमकी होती, आणि नेमका तेव्हाच माझा गृहकर्जाचा अर्ज बँकेत होता. मी पैसे भरले. लक्षात ठेवा, वसुली कंपनी म्हणजे बेलिफ, म्हणजेच कोर्टाच्या आदेशावरून जप्ती करणारा अधिकारी, नव्हे, आणि वाहनधारकाकडून नोटिशीतल्या रकमेहून अधिक मागण्याची मुभा हे परिशिष्ट देत नाही.

दाद मागायला गेलो, तर एका कचेरीने हा खाजगी कराराचा वाद असल्याचे सांगितले, दुसरीने माहिती नियमानुसार दिली गेल्याचे कळवले, आणि तिसरीने पैसे भरल्यामुळे प्रकरण संपल्याचे लिहिले. माझा पत्ता देताना सरकार हजर, आणि त्या पत्त्यावर खोटी मागणी आल्यावर मात्र तो माझा खाजगी प्रश्न! २०१२ मध्ये खाजगी जागेत चाकांना कुलपे ठोकण्यावर बंदी आली, आणि त्याच कायद्याने वाहनधारकाला वसुलीसाठी पुढे केले. आज वर्षाला एक कोटीहून अधिक नोंदी या कंपन्यांच्या हाती जातात. वरचा वसुली खर्च बंद करणारी सरकारी संहिता फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि कंपन्यांनी कोर्टात आव्हान देताच जूनमध्ये मागे घेतली गेली. संतापण्यासारखे याहून दुसरे काय असू शकते?

खाजगी कंपनीला चालकाचे नाव सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. अपिलात ‘मी गाडी लावली’ असे चुकूनही लिहू नका. पोलीस किंवा कौन्सिल यांच्या नोटिशीला मात्र हे लागू नाही. यंत्राची पावती गाडीतच वाचा, नंबर अपुरा असल्यास तिथेच फोटो काढा. कोर्टाचा दावा आला तर त्याकडे कदापि दुर्लक्ष करू नका. १४ दिवसांत पोच दिल्यास बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. आणि घर बदलल्यावर व्ही५सी या गाडीच्या नोंदणीपत्रावरचा पत्ता त्वरित बदला, कारण दावा जुन्या घरी गेला तर तुमच्या नकळत एकतर्फी निकाल लागतो.