मुंबई दर्शनची बस : सीट स्वस्त, बाकी सगळं महाग

गावाहून पाहुणे येतात, घरच्यांना सुट्टी नसते, मग मावशी-काकांना ‘मुंबई दर्शन’च्या बसमध्ये बसवून दिलं जातं. सर्वात जास्त गंडवली जाते ती हीच मंडळी. संध्याकाळी घरी आल्यावर ती फारसं बोलतही नाहीत, कारण सीट भाचीने काढून दिलेली असते आणि तिला वाईट वाटायला नको असतं. म्हणून हे पाहुण्यांच्या आधी मुंबईत राहणाऱ्यांनी वाचावं.

सीट स्वस्त असते ती मुद्दाम. समजा 400 रुपयांना विकली. त्यातून एजंटचं कमिशन जातं, मग डिझेल, टोल, पार्किंग, ड्रायव्हर-क्लीनरची रोजी. मालकाच्या हाती फार काही उरत नाही. खरी कमाई बस सुटल्यानंतर सुरू होते, आणि ती प्रवाशांच्या खिशातूनच व्हायची असते. दिवसभरात जे जे घडतं ते या एका हिशेबातून आलेलं असतं.

सीएसएमटीच्या बाहेर, दादर स्टेशनजवळ, कुलाब्याच्या रीगल सिनेमाच्या आसपास, लॉजच्या काउंटरवर पत्रकं घेऊन उभा असतो तो एजंट. त्याच्याकडे बस नसते. दिवसभर तो सीटा गोळा करतो आणि रात्री ज्याच्या गाडीत जागा उरली असेल त्याच्याकडे माणसं ढकलतो. पावती बघितली की हे लगेच कळतं. वर ट्रॅव्हल्सचं ठसठशीत नाव, बाजूला गेटवेचं चित्र, एक मोबाइल नंबर आणि पेनाने खरडलेलं ‘2 सीट, एसी, स. 8’. बसचा नंबर नाही, सीट नंबर नाही, ऑफिसचा पत्ता नाही, बस रद्द झाली तर पैसे कधी परत याचा उल्लेख नाही. तळाशी मात्र बारीक अक्षरात ‘वेळेनुसार कार्यक्रमात बदल होऊ शकतो’ हे न चुकता छापलेलं असतं. सकाळी ‘2 बाय 2 पुशबॅक एसी’च्या जागी सत्तावीस सीटची जुनी गाडी आली की एजंट सांगतो, बसवाल्याशी बोला, बसवाला म्हणतो, पैसे तुम्ही एजंटला दिलेत.

यावर उपाय एकच, पैसे देण्यापूर्वी पावतीवर चार गोष्टी लिहून घ्यायच्या: बसमालकाचं नाव, सीट नंबर, कुठल्या ठिकाणी आत नेणार आणि कुठलं नुसतं बाहेरून दाखवणार, आणि शेवटी कुठे सोडणार. आदल्या रात्री नऊपर्यंत बसचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल मागायचा. नंबर मिळाला की एमपरिवहन या गाड्यांची माहिती देणाऱ्या सरकारी अ‍ॅपवर टाकून बघा. फिटनेस आणि विमा चालू आहे का, गाडी कुठल्या प्रकारात नोंदली आहे, हे दोन मिनिटांत दिसतं. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात, इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी गाडी आली तर त्यात बसायचंच नाही. अपघात झाला तर विम्याचं घोंगडं तिथेच अडकतं.

पावतीवर ‘जीएसटी वेगळा’ लिहिलं असेल तर जीएसटी नंबर मागा. तो 15 अक्षर-आकड्यांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की मालकाचं नाव येतं. लहान व्यावसायिकाकडे नंबर नसणं हा काही गुन्हा नाही. नंबर नसताना कर म्हणून पैसे घेणं ही मात्र सरळ लुबाडणूक आहे.

पत्रकावर पंचवीस-तीस ठिकाणं असतात. ती वाचताना शेजारी कॅलेंडर ठेवावं. सोमवारी घारापुरीची, म्हणजेच एलिफंटाची लेणी बंद असतात आणि नेहरू तारांगणही बंद असतं. राणीची बाग बुधवारी बंद. तरीही सोमवारच्या बसला ‘एलिफंटासह’ म्हणून सीट विकली जाते आणि गेटवेला पोचल्यावर ‘आज बंद आहे, त्याऐवजी बोटीची फेरी मारू’ असं सांगितलं जातं. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झालं, अनेकांच्या शाळेची सहल तिथे गेली आहे, पण ते गेली काही वर्षं बंद आहे. पत्रकावर त्याचा फोटो दिसला तर उरलेली यादीही तेवढीच जुनी समजावी.

घारापुरीचा वेळेचा हिशेबही एकदा करून बघा. लाँचने जायला साधारण तास, यायला तास, वर चढायला सुमारे 120 पायऱ्या, लेणी बघायला किमान तास-दीड तास, शिवाय जेट्टीवरची रांग. अर्धा दिवस त्यातच जातो. त्याच दिवशी सिद्धिविनायक, हाजी अली, फिल्मसिटी आणि जुहू दाखवतो म्हणणारा माणूस यातलं काहीतरी गाळणार हे ठरलेलं आहे. काय गाळायचं ते तोच ठरवतो, आणि जिथे त्याला कमिशन नाही तेच गाळतो.

सी लिंकचंही तसंच. वांद्रे-वरळी सागरी सेतू 5.6 किलोमीटरचा, 2009 पासून चालू, आणि टोलचा. टोल वाचवायला बस वरळीच्या किंवा वांद्र्याच्या किनाऱ्यावरून तो लांबून दाखवते आणि यादीत बरोबरची खूण पडते. फिल्मसिटीच्या आत जायला परवानगी लागते. साध्या टूरची बस गेटवरून वळते. नट-नट्यांचे बंगले म्हणजे धावत्या बसमधून दिसलेली कंपाउंडची भिंत. बाहेरून बघण्यात वाईट काही नाही. सीएसएमटीची 1888 मध्ये पुरी झालेली इमारत तर समोरच्या फुटपाथवरूनच नीट दिसते. फक्त पैसे आत नेण्याचे घेतलेले नकोत.

आता सगळ्यात मोठी कात्री. बस सुटून अर्धा तास झाला की गाइड माइक घेतो. तो बहुधा मान्यताप्राप्त गाइड नसतोच. पर्यटन खात्याचा परवाना असलेल्या गाइडकडे फोटोचं ओळखपत्र असतं आणि मागितलं की तो दाखवतो. दोन विनोद, एक गणपतीचा जयजयकार, मग घोषणा: ‘प्रत्येक ठिकाणी रांग लावायला वेळ नाही, सगळ्यांची एंट्री फी एकदम जमा करतो, माणशी 300.’ क्लीनर कमरेची पाउच पुढे घेऊन मागच्या सीटपासून सुरुवात करतो. मागूनच, कारण मागच्या दोघांनी मुकाट्याने नोटा काढल्या की पुढचे विचारत नाहीत. कुणी किती दिले हे तो लिहून घेत नाही. सुट्टे ‘नंतर देतो’. 35 माणसांचे 10,500 रुपये दहा मिनिटांत जमा होतात.

या पैशांत येतं काय? गेटवे, मरीन ड्राइव्ह, जुहू आणि हँगिंग गार्डनला तिकीट नाही. कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट बघायला लागत नाही. हाजी अलीला आणि सिद्धिविनायकाला दर्शनाचे पैसे नसतात. तिकीट लागतं ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, नेहरू विज्ञान केंद्र, तारांगण, राणीची बाग, बोट अशा मोजक्या जागांना, आणि तिथे लहान मुलांचा दर वेगळा असतो. त्यामुळे एकरकमी काहीही द्यायचं नाही. ‘आम्ही आमचं तिकीट खिडकीवर काढू’ एवढं शांतपणे म्हणायचं. गाइड गटाचं तिकीट असल्याचं सांगेल. मग ते तिकीट हातात आल्यावर पैसे देऊ म्हणावं. बसमधल्या चार कुटुंबांनी असं म्हटलं की पाउच पुन्हा मागे जाते.

देवळाबाहेर वेगळा प्रकार. बस ठरलेल्या फुलवाल्यापुढेच थांबते, चपला ‘फुकट’ ठेवल्या जातात आणि परत घेताना पूजेच्या ताटाचे पैसे मागितले जातात. मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग काही तासांची असते आणि बस थांबणार पाऊण तास. मग ‘व्हीआयपी पास’ करून देणारा पुढे येतो. तो पास मंदिराच्या काउंटरवरचा नसेल तर ते नुसतं कागदाचं चिठोरं असतं. मंगळवारी दर्शनच हवं असेल तर या बसने जाऊ नये, प्रभादेवीला स्वतंत्र जावं. हाजी अलीच्या वाटेवर भरतीचं पाणी येतं आणि ती बंद होते, हे खरंच आहे. पण वेळ वाचवायला ओहोटीच्या वेळीही ‘भरती आहे’ म्हणून बस पुढे काढतात. भरतीची वेळ वर्तमानपत्रात असते आणि रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. सकाळीच बघून ठेवा.

जेवणाचं हॉटेल आणि ‘एम्पोरियम’ या दोन थांब्यांवर घड्याळ चालतच नाही. संग्रहालयाला चाळीस मिनिटं देणारा गाइड मोत्यांच्या आणि साड्यांच्या दुकानात सव्वा तास निवांत बसतो. पाटीवर ‘सरकारमान्य’ लिहिलेलं असतं, कोणत्या सरकारने मानलं ते नसतं. कापड चाचपून बघायला हरकत नाही, घ्यायचं मात्र काही नाही. ठरलेल्या हॉटेलात थाळीचा दर बसण्यापूर्वी विचारा आणि पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त असेल तर नको म्हणा. त्यापेक्षा घरून डबा द्यावा. पोळी-भाजी आणि दोन बाटल्या पाणी बरोबर असलं की त्या हॉटेलशी संबंधच उरत नाही, आणि ज्येष्ठांच्या पोटालाही ते बरं.

गेटवेला बस समोर उभी राहू देत नाहीत, थोडं चालावं लागतं. तिथे मिळणाऱ्या वीस मिनिटांत फोटोवाले, मनगटाला धागा बांधणारे आणि बाळासाठी दुधाची पावडर मागणारे, असे सगळे भेटतात. पावडरचा डबा ठरलेल्या दुकानातून चढ्या भावाने घ्यायला लावतात आणि नंतर तो तिथेच परत जातो. फोटोवाल्याशी एका प्रिंटचा दर आणि प्रिंटची संख्या आधी ठरवा, नाहीतर तो वीस काढून वीसही गळ्यात मारतो. बोटीच्या फेरीचं तिकीट गाइडच्या हातून न घेता जेट्टीवरच्या खिडकीवर घ्यावं, आणि लाइफ जॅकेट अंगात चढवल्याशिवाय बोटीत बसू नये.

शेवटची फसगत ‘ड्रॉप’ची. सकाळी दादरहून उचललेल्या माणसांना रात्री आठला जुहूवर उतरवून ‘ट्रॅफिक आहे, इथून रिक्षाने विलेपार्ले स्टेशन गाठा’ असं सांगतात. म्हणून सोडायची जागा पावतीवर लिहून घ्यायची. लिहिलेली असेल तर जागेवरून उठायचं नाही आणि बसमध्येच बसून 112 ला, म्हणजे पोलिसांना, फोन लावायचा. बहुतेक वेळा फोन लागण्यापूर्वीच इंजिन सुरू होतं.

ऑनलाइन बुकिंगच्या नावाखाली पैसे गेले आणि बस आलीच नाही, तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा; पुढच्या खात्यात पैसे जाण्यापूर्वी ते गोठवता येऊ शकतात. ‘रिफंड पाठवतो, पिन टाका’ म्हणणाऱ्याचा फोन बंद करा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही. बाकी तक्रारीसाठी पावतीचा, पत्रकाच्या दोन्ही बाजूंचा आणि बसच्या पाटीचा फोटो हवा, शिवाय पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत 2 वर्षांची. आणि 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे साताऱ्याच्या मावशींना त्यासाठी पुन्हा मुंबईला यावं लागत नाही.