पोलीस ठाणं, कोर्ट, सखी केंद्र की घरातली बैठक: नाशिकमध्ये आधी कोणतं दार ठोठवायचं?

सिडकोतल्या आमच्या मागच्या गल्लीतली एक जण रात्री साडेनऊला दोन मुलांना घेऊन माझ्या दारात उभी राहिली. ओठ फुटलेला, पायात चप्पल नाही. घरात जमलेल्या प्रत्येकाकडे तिच्यासाठी सल्ला तयार होता. केस ठोक, माहेरी जा, दिराला बोलावून घेऊ, सकाळपर्यंत डोकं शांत ठेव. तिनं मात्र एकच विचारलं, "ताई, मी निघून आले म्हणजे घर गेलं का माझं?"

नवरा तुरुंगात जावा असं तिला वाटत नव्हतं. मार थांबावा आणि तिचं सोनं मोडून घेतलेल्या घरात राहता यावं, एवढंच तिला हवं होतं. त्यानंतर मी अशा आणखी काही जणींबरोबर गेले आहे. मी वकील नाही. पण आता कुणी विचारलं की आधी उलट विचारते: तुला काय हवंय? आजची रात्र सुखरूप, राहतं घर, पोटगी आणि मुलं, की त्याला शिक्षा? प्रत्येक दारात वेगळी गोष्ट मिळते. चुकीच्या दारात गेलेली बाई बऱ्याचदा पुन्हा कुठल्याच दारात जात नाही.

जीव धोक्यात असेल तर मात्र तुलना करत बसू नका. गळा दाबला, पेटवायची धमकी दिली, कोयता किंवा रॉकेल हातात घेतलं, तर थेट ११२ लावा. बाकीचं नंतर.

पोलिसांत तक्रार की कोर्टात अर्ज

खरी निवड बहुतेक वेळा या दोघांतच असते आणि गोंधळही इथेच होतो.

लोक अजून ज्याला "चारशे अठ्ठ्याण्णव" म्हणतात, ते जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४९८-अ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झालं आहे. नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पण क्रूरता कशाला म्हणायचं हे पुढच्या कलम ८६ मध्ये ठरवलेलं आहे: बाईला आत्महत्येकडे ढकलणारं किंवा तिच्या जिवाला, शरीराला, मनाला गंभीर इजा करणारं वागणं, नाहीतर पैशाच्या, वस्तूंच्या मागणीसाठी केलेला छळ. त्यामुळे "दारू पिऊन दोन थोबाडीत मारल्या" एवढंच सांगितलं की ठाण्यात पुष्कळदा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतात. साधी दुखापत अदखलपात्र असते आणि एनसीवर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. एनसी घेऊन घरी आलेल्या बाईला वाटतं, केस झाली. तशी ती झालेली नसते. तरी त्या कागदाची प्रत जपून ठेवा, पुढे पुरावा म्हणून लागते. आणि ठाण्यात सांगताना फक्त कालचं सांगू नका. पहिल्यांदा हात कधी उचलला, काय मागितलं, दवाखान्यात कधी नेलं, सगळं तारीखवार सांगा.

अटक लगेच होईल असंही धरून चालू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून अशा गुन्ह्यांत पोलिसांना अटकेची गरज का आहे याची कारणं नोंदवावी लागतात. ज्या बाईनं "उद्या त्याला आत टाकतील" या भरवशावर तक्रार दिली आणि त्याच संध्याकाळी ती त्याच घरात परतली, तिची ती रात्र सगळ्यात धोक्याची. म्हणून तक्रार देणार असाल तर त्या रात्री कुठे राहायचं हे आधी ठरवा.

दुसरं दार म्हणजे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा. बोलीत "डीव्ही". हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, तरी निम्म्या बायकांना वाटतं की हीसुद्धा पोलीस केसच. तसं नाही. इथे मॅजिस्ट्रेटकडे अर्ज होतो आणि कोर्ट आदेश देतं: मारहाण करू नको, तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊ नको, तिला घराबाहेर काढू नको, दरमहा एवढे पैसे दे, मुलं तिच्याकडे राहतील, तिचं स्त्रीधन परत कर. गरज पडली तर नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगता येतं. समोरच्याचं ऐकण्याआधी एकतर्फी अंतरिम आदेशही मिळू शकतो. त्याला शिक्षा होते ती आदेश मोडल्यावर: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

माझ्या शेजारणीच्या प्रश्नाचं उत्तर याच कायद्याच्या कलम १७ मध्ये होतं. घर कुणाच्या नावावर आहे यावर तिचा राहण्याचा हक्क ठरत नाही. सासऱ्याच्या नावावरचं घरही, ती तिथे नांदली असेल तर, सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं. निघून आलं म्हणजे घर गेलं, हे आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळ्या मानतात. कायदा तसं मानत नाही.

या कायद्याची व्याप्तीही मोठी. पगार काढून घेणं, रोज चारचौघांत अपमान करणं, खर्चाला पैसे न देणं, नको असताना जबरदस्ती करणं, हे सगळं त्यात हिंसाचार म्हणून लिहिलेलं आहे. मुलगा मारतो म्हणून आई अर्ज करू शकते, भाऊ मारतो म्हणून बहीण, लग्नासारखं एकत्र राहणारीही. कलम ८५ यांच्या कामाचं नाही.

मग उणीव कुठे? वेळेत. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि हजेरीवर जाणाऱ्या बाईची प्रत्येक तारखेला मजुरी बुडते. सुरगाण्याहून किंवा पेठहून कोर्टासाठी सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाला, यायचं म्हणजे एसटीतच दिवस जातो. त्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा: अर्ज ती सध्या राहते तिथे, तात्पुरती राहत असली तरी, किंवा काम करते तिथेही करता येतो. सासर मालेगावला आणि ती अंबडच्या कंपनीत कामाला लागून इथे खोली करून राहत असेल, तर तिला मालेगावच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

दोन्ही एकत्र चालतात, एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. माझं मत विचाराल तर, जिला संसार लगेच मोडायचा नाही पण मार थांबवायचा आहे, तिनं आधी डीव्हीचा अर्ज करावा. हुंड्याचा छळ, मोठी दुखापत, सासरची सगळी मंडळी मिळून त्रास देत असतील, तर पोलीस आधी.

पैशाची चिंता मात्र मनातून काढा. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो आणि त्यात उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, फोन १५१००. अर्ज लिहून द्यायला महिला व बाल विकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात. घडलेल्या प्रकाराचा अहवाल, म्हणजे डीआयआर, तेच भरतात.

सखी केंद्र

सखी केंद्र म्हणजेच वन स्टॉप सेंटर, ही योजना २०१५ ची. तात्पुरता निवारा (साधारण पाच दिवस), उपचार, समुपदेशन, पोलीस आणि वकिलाशी गाठ, हे सगळं एका छताखाली. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला की जवळच्या केंद्राशी जोडून देतात. काहीच ठरलेलं नाही, फक्त बाहेर पडायचंय, अशा बाईसाठी मी हेच सांगते. तक्रार केलीच पाहिजे अशी अट इथे नाही. पण पाच दिवस पटकन संपतात. पुढचा विचार दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करावा लागतो.

समुपदेशन आणि बैठक

पोलिसांच्या जागेत बसणाऱ्या समाजकार्यकर्त्यांचा महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबईत सुरू केला आणि पुढे तो राज्यभर गेला. चांगली समुपदेशक आधी बाईशी एकटीशी बोलते, तिला धोका किती आहे ते पाहते, मगच नवऱ्याला बोलावते. सुरुवातीलाच दोघांना शेजारी बसवून "टाळी एका हातानं वाजत नाही" असं कुणी सुनावलं, तर तिथून उठा. नवरा बाजूला बसलेला असताना कोणती बाई खरं बोलेल?

घरातली बैठक हा आपल्याकडे सगळ्यात आधी निवडला जाणारा मार्ग. दोन्हीकडचे मामा-काका, चहा, "आता पुन्हा होणार नाही", आणि तिला नांदायला परत पाठवणं. माझा त्यावर विश्वास उरलेला नाही. त्या बैठकीत तिनं काय सोसलं यापेक्षा चारचौघांत काय दिसेल याचीच चर्चा जास्त होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशातल्या ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं. जी बोलते तिला आपण "मिटवून घे" म्हणतो, मग बाकीच्या कशाला बोलतील? तरीही बैठक करायचीच असेल तर तिच्या बाजूचं एक तरी माणूस असं हवं, जे तिला परत पाठवायला उतावीळ नाही. ठरलेलं लिहून घ्या, सह्या घ्या. पुन्हा हात उचलला तर तोच कागद कोर्टात नेता येतो.

कुठलंही दार निवडलं तरी

आधी दवाखाना. सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना "पडले" असं सांगू नका, कुणी मारलं ते सांगा आणि केसपेपरवर तसंच लिहून घ्या. डीआयआर भरलेला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा एखादा पुरावा, दागिन्यांच्या पावत्या यांचे फोटो काढून आपल्या माणसाच्या फोनवर पाठवा आणि स्वतःच्या फोनमधून पुसून टाका. फोन तो तपासत असेल तर १८१ शेजारणीच्या फोनवरून लावा.

माझ्या शेजारणीनं डीव्हीचा अर्ज केला. अंतरिम आदेश यायला तीन महिने लागले, तेवढे दिवस ती बहिणीकडे पाथर्डी फाट्याला राहिली. आता ती त्याच घरात आहे, नवरा वेगळा राहतो. कलम ८५ खाली तक्रार द्यायची का, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. मी विचारत नाही. तारखेच्या दिवशी तिच्या धाकट्याला शाळेतून आणायचं काम तेवढं माझ्याकडे आहे.