डेंग्यूच्या सिझनमध्ये घरी येऊन रक्त नेणारी लॅब, इंदिरानगर, नाशिक

पावसाळा सरत आला की आमच्याकडे घरटी एक तरी तापाचा पेशंट असतोच आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज कोणीतरी लॅब विचारतं, म्हणून एकदाच लिहून टाकते. थोडी तक्रार पण आहे त्यामुळे नाव टाकत नाही, इकडचे ओळखतीलच.

सगळ्यात भारी म्हणजे सॅम्पल न्यायला येणारा पोरगा. भावाच्या दंडाला पट्टा बांधायच्या आधीच विचारलं, "ताई, ताप कधी चढला, आजचा कितवा दिवस?" आणि तो दिवस फॉर्मवर लिहून घेतला. डेंग्यूत सगळा खेळ यावरच आहे. सुरुवातीचे चार-पाच दिवस व्हायरस रक्तात फिरत असतो तेव्हा एनएस१ टेस्टमध्ये सापडतो, आयजीएम अँटीबॉडी (व्हायरसशी लढायला शरीर बनवतं ती) मात्र साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागते, म्हणजे दुसऱ्याच दिवशी आयजीएम करून निगेटिव्ह आली तर डेंग्यू नाही असं धरून चालत नाही. जाताना म्हणाला दादांना दिवसापण मच्छरदाणीत झोपवा, कारण हा डास दिवसा चावतो, आत्ता याला चावला तर व्हायरस त्याच्या पोटात जातो आणि आठ-दहा दिवसांनी तोच डास बाकीच्यांना डेंग्यू देत फिरतो. मग आम्ही फ्रिजमागचा ट्रे ओढून बघितला, त्यात अळ्या वळवळत होत्या!! कुंड्या रिकाम्या करतो आपण, हा ट्रे कोण बघतं.

काउंटरवाल्या मॅडम मात्र फोनवर फीवर पॅकेजच गळ्यात मारत होत्या. त्यात विडाल पण. अहो एकदाच केलेल्या विडालवर टायफॉइड ठरवणं अवघड असतं, जुन्या इन्फेक्शनमुळेसुद्धा पॉझिटिव्ह येते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एनएस१ आणि मलेरिया एवढंच लिहिलं होतं, तेवढंच करून घेतलं. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर, एनएस१ पॉझिटिव्ह.

आता तक्रार. ताप उतरला तो नेमका रविवार. परत सीबीसी हवी म्हणून फोन केला तर उत्तर काय, "ताप गेला ना, मग उद्या बघू की." इथेच माझं डोकं फिरलं. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जपायचे असतात, काही पेशंटमध्ये तेव्हाच रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपायला लागतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडू शकतो, आणि घरचे मात्र ताप गेला म्हणून खुश. पोट खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असं काही दिसलं तर लॅबच्या नादी न लागता सरळ हॉस्पिटल गाठायचं. आम्ही शेवटी मुंबई नाक्याकडे जाऊन सीबीसी करून आलो. डॉक्टरांनी प्लेटलेट्सच्या आधी हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय तो आकडा) बघितला, वाढलेला नव्हता. रिपोर्टमध्ये कमी झालेल्या प्लेटलेट्स लाल अक्षरात दिसतात त्यामुळे सगळे त्याच्याच मागे, पपईच्या पानांचा रस काय न् काय (मावशीने आणलाच होता).

बाकी सुई एका झटक्यात, हात काळानिळा नाही झाला, पैसे यूपीआयने. आईच्या शुगरसाठी परत यांनाच बोलावेन, पण डेंग्यूचा पेशंट घरात असेल तर रविवारी येणारी दुसरी लॅब आधीच बघून ठेवा. आणि अंगदुखीसाठी मनाने ब्रुफेन, अॅस्पिरिन देऊ नका, रक्तस्रावाची भीती असते, पॅरासिटामॉल पण डॉक्टरांना विचारूनच.